चिंचेच्या पाण्यात एक नाणं

सप्टेंबर सरत आला की तोक्योजवळच्या आमच्या उरायासुत एखाद्या सकाळी अचानक वास येतो. झाड कुठे दिसत नाही, आधी वासच येतो. पिकल्या जर्दाळूसारखा, जरा जास्तच गोड. शोधत गेलं तर कुणाच्या तरी कुंपणातल्या गर्द पानांच्या बगलेत इवल्या केशरी फुलांचे घोस सापडतात. इथे त्याला किन्मोकुसेई म्हणतात. आठवडाभर सगळी गल्ली दरवळते, मग एक पाऊस येतो आणि झाडाखाली सडा पडतो. इथल्या बायका तो वास आला की चालता चालता थांबतात, डोळे मिटतात आणि शरद आला म्हणून एकमेकींकडे बघून हसतात. मी मात्र खिडकी लावून घेते.

यंदाही लावली. नवरा म्हणाला, "इतका छान वास येतोय आणि तू खिडकी काय लावतेस?" त्याला म्हटलं, डोकं दुखतं. डोकं दुखत नव्हतं. पोटात दुखत होतं, आणि तेही अठरा-वीस वर्षांपूर्वीचं दुखणं.

मत्सर हा शब्द फार भारदस्त आहे. षड्रिपूंच्या यादीत किंवा कीर्तनात तो शोभतो. घरात आपण सरळ 'जळते मेली' म्हणतो. तर त्या शरदात मी जळत होते. अमृता नावाच्या एका बाईवर, आणि एका दहा येनच्या नाण्यावरून.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. पुण्या-मुंबईची इंजिनिअर पोरं तेव्हा थव्यानं इकडे येत होती. दर महिन्याला आमच्या इमारतीत एखादं नवीन मराठी आडनाव पोस्टाच्या पेटीवर चिकटायचं. माझा नवरा कावासाकीच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. सकाळी सातला निघायचा, तीन गाड्या बदलायचा आणि रात्री जेवताना 'क्लायंट' आणि 'डिलिव्हरी' एवढ्या दोनच शब्दांवर बोलायचा. मी डिपेंडंट व्हिसावर. म्हणजे अवलंबून. पासपोर्टात चिकटवलेला तो शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचत होता, म्हणून मी रात्रंदिवस घोकून जपानी शिकले आणि स्टेशनसमोरच्या बेकरीत बाइतो धरला. पार्टटाइम कामाला इथे बाइतो म्हणतात. गल्ल्यावर उभं राहायचं, पाव कागदात बांधायचा, वाकून सुट्टे द्यायचे.

सुट्टे म्हटले की मी वेडी होते. माझे वडील बँकेत कॅशियर होते. जुनं नाणं आलं की स्वतःचं नवं टाकून ते घरी आणायचे आणि संध्याकाळी माझ्या तळहातावर ठेवायचे. "कडेनं धर. चेहऱ्याला बोट लावायचं नाही," एवढंच सांगायचे. इतर मुली बाहुल्यांचे केस विंचरत होत्या तेव्हा मी होळकरांचे पैसे कडेनं धरत होते. लग्नानंतर जपानला यायचं ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, तिकडे फार महागाई आहे. मी मात्र पहिल्यांदा हेच शोधलं की तिकडची नाणी कशी असतात.

दहा येनचं नाणं कांस्याचं असतं. एका बाजूला एक जुनं देऊळ, दुसऱ्या बाजूला दहाचा आकडा आणि सन. सन आपल्यासारखा नाही, सम्राटाच्या काळानुसार मोजलेला. तेव्हाच्या सम्राटाच्या वडिलांचा काळ तो शोवा. त्या काळात सुरुवातीची काही वर्षं या नाण्याच्या कडेला बारीक रेघा पाडत असत, पुढे त्या बंद झाल्या. अशी रेघांची नाणी अजूनही चलनात सापडतात. गल्ल्यात हात घालताना कडेवर नख फिरवलं की कर्र असा बारीक आवाज येतो. साध्या कडेवरून नख नुसतं घसरतं. तीन वर्षं मी रोज तो आवाज ऐकायला कान लावून उभी होते. मालकांची परवानगी होती. रेघांचं नाणं काढायचं, पर्समधलं साधं दहा येन आत टाकायचं. ते हसून म्हणायचे, "मेधा-सान, पावापेक्षा तुमचं लक्ष गल्ल्यातच जास्त."

माझ्या अल्बममध्ये रेघांच्या सगळ्या वर्षांची नाणी लागली होती. एकच खण रिकामा होता, शोवा तेहेतीस, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न. रेघांचं शेवटचं वर्ष, त्यात नाणी कमी पडलेली. मी अल्बम उघडायचे तेव्हा भरलेल्या खणांकडे माझं लक्षच जायचं नाही.

नाण्यात एवढं काय असतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. नवरा तर म्हणायचा, "दहा येनच ना? अशी बारा टाकशील तेव्हा मशीनमधून कॉफीचा एक डबा पडेल." गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून मी सोडून द्यायचे. पण प्रश्न खोटा नाही. किंमत म्हणावी तर माझ्या अल्बममधली बहुतेक नाणी दहा येनचीच होती. वापरून गुळगुळीत झालेलं नाणं मला आवडतं, त्यावर माया जडते, पण ते हवंसं वाटत नाही. जीव जडतो तो अशा नाण्यावर जे बाजारात जायलाच निघालं होतं आणि कुठेतरी राहून गेलं. ड्रॉवरच्या कोपऱ्यात, पाकिटात, कागदाच्या घडीत. मग त्याच्यावर वर्षानुवर्षं हवा आपलं काम करत राहते. लाल तांबूस रंग आधी गडद होतो, मग कडेनं जांभळा, निळा, कधी मोरपिशी होत जातो. तो रंग कुणाला देता येत नाही. त्याला फक्त वेळ लागतो, आणि कुणी हात न लावणं लागतं. हे सगळं मी लोकांना सांगते. पण या सगळ्याच्या वरचढ आणखी एक गोष्ट असते, ती कुठल्याच कॅटलॉगमध्ये छापत नाहीत. ते नाणं आपल्याकडे नसणं. आणि त्याहून म्हणजे, ओळखीच्या कुणाकडे तरी असणं.

अमृता आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली ती त्याच वर्षी, उन्हाळ्यात. नाशिकची. हसरी, धांदरट, एका हाताला नेहमी पीठ. जपानी शब्द तिला बाराच येत होते आणि ती ते बाराच्या बारा एका वाक्यात वापरायची. तिला आल्या आल्या मी पंखाखाली घेतलं. परदेशी लोकांना लागतं ते ओळखपत्र काढून दिलं, दवाखाना दाखवला, कचऱ्याचे वार पाठ करून घेतले. कुणी आपल्यावर अवलंबून आहे ही भावना मला फार दिवसांनी मिळत होती. चहाला आली की मी तिला अल्बम दाखवायचे. ती "बाई गं!" म्हणून गालावर हात ठेवायची, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

माझ्या घराच्या बरोबर खालच्या मजल्यावर होशिनो-सान राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. इमारतीच्या कचऱ्यावर त्यांची करडी नजर. मी नवीन असताना जाळायच्या कचऱ्यात नारळाची करवंटी टाकली होती, तर ती पिशवी चिठ्ठीसकट माझ्या दारात परत आली होती. त्या दिवसापासून मी त्यांना दुरून वाकून नमस्कार करायचे आणि जिना गाठायचे. तीन वर्षांत त्यांच्या दाराची घंटा मी एकदाही वाजवली नाही.

अमृताचीही करवंटी परत आली. ही बया करवंटी हातात घेऊन थेट होशिनो-सानच्या दारात. खुणा करून विचारते, हिचं काय करू? दोघी तिथेच उंबऱ्यात बसून हसल्या म्हणे. मग चहा झाला. मग रोज चहा व्हायला लागला. होशिनो-सान तिला दुधाचे खोके कसे धुवायचे, कापायचे, बाटल्यांची झाकणं कशी वेगळी करायची ते शिकवायच्या आणि ही त्यांना पोहे खाऊ घालायची. मला हे तेव्हाही आवडलं नव्हतं, पण कारण सापडत नव्हतं.

कारण सप्टेंबरात सापडलं. इथे घरोघर भूकंपाची पिशवी असते. पाणी, बिस्किटं, टॉर्च, आणि सार्वजनिक फोनसाठी दहा येनची नाणी, कारण भूकंपात मोबाइल बंद पडतात. सप्टेंबर लागला की लोक ती पिशवी उपसून नव्यानं भरतात. होशिनो-सानची पिशवी भरायला अमृता पाण्याच्या बाटल्या उचलून देत होती. तळाशी एक कागदाची पुडी निघाली. त्यांच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी गुंडाळून ठेवलेली दहा येनची नाणी. होशिनो-सान म्हणाल्या, मदतीबद्दल एक घे. आणि अमृतानं घेतलं.

"मेधाताई, हे बघ ना. रंग आवडला म्हणून घेतलं," असं म्हणत ती माझ्या दारात उभी. तिनं ते तळहातावर धरलं होतं. मी चष्मा लावला. मधोमध अजून तांबूस, कडेनं जांभळं होत होत वरच्या बाजूला निळं, मोराच्या गळ्यासारखं. देवळाच्या छपराची रेघ न् रेघ शाबूत. मी उलटं केलं. शोवा तेहेतीस. कडेवर नख फिरवायची गरजच नव्हती, तरी फिरवलं.

"चांगलं आहे का गं?" तिनं विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं. "रंग जरा गेलाय."

"दुर्मीळ वगैरे असेल का?"

"सापडतात अधूनमधून."

ती हसत गेली. मी दार लावून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तीन वर्षं मी अख्ख्या तोक्योतले जुने बाजार पालथे घातले आणि नाणं माझ्या पायाखाली, माझ्याच घराच्या जमिनीखाली होतं. मधे फक्त एक घंटा वाजवायची होती. दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू करून होशिनो-सानकडे गेले. त्या इतक्या खूश झाल्या की मलाच लाज वाटली. पुडीतली उरलेली नाणीही त्यांनी ओट्यावर मांडून दाखवली. सगळी साध्या कडेची निघाली. लाडू मात्र त्यांना आवडले.

आता इतक्या वर्षांनी विचार करते, तर मला नाण्याचा राग नव्हता, नाणं मिळण्याच्या रीतीचा होता. मी मेहनत केली, अभ्यास केला, तंगड्या तुटेपर्यंत उभी राहिले. तिनं रंग आवडला म्हणून उचललं. मी तिच्याकडे जशी बघत होते तसं तिनं एकदा तरी माझ्याकडे बघावं, एवढंच मला त्या शरदात हवं होतं. गालावर हात ठेवून नाही. आतून, पोटात दुखून.

ऑक्टोबरात एका रविवारी तिनं हट्ट धरला, मला तुझ्या बाजारात ने. एका देवळाच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा. गिंकोच्या झाडांची फळं पायाखाली चिरडून सगळीकडे आंबूस घाण वास सुटलेला असायचा. तिथल्या नाणेवाल्या आजोबांकडे मी तीन वर्षं जात होते. अमृतानं पर्समधून नाणं काढलं. आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं. मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. मग स्वतःचं स्टूल उचलून अमृतापुढे ठेवलं, बसा म्हणून. तीन वर्षांत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

ते भराभरा बोलत होते आणि मी मराठीत सांगत होते. दुभाषी मीच. "म्हणतात, फार सुंदर रंग आहे." "म्हणतात, नोव्हेंबरात संग्राहकांचा मेळावा आहे, त्यात काचेखाली मांडू या, तुझं नाव लावून." मग आजोबा पुढे वाकून, बोट हलवत म्हणाले, "तेवढं धुऊ नका बरं. पुसूसुद्धा नका. कागदात ठेवा." हे त्यांनी दोनदा सांगितलं.

अमृतानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

"जपून ठेव म्हणतात," मी म्हटलं.

हे काही ठरवून केलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. जपून ठेव यात सगळं आलंच की. पण मी आजोबांचं बाकीचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं होतं, आणि एवढंच गाळलं होतं.

तोवर अमृताच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणायचे. कामसू बाई, बसणं ठाऊक नाही. इथल्या छोट्या घरात त्यांच्या हाताला काम पुरायचं नाही. दिवाळी दोन दिवसांवर आली तेव्हा मी चकल्या पाडायला मदत म्हणून गेले. अमृता काहीतरी आणायला बाहेर गेली होती. खिडकी उघडी होती, किन्मोकुसेईला त्या वर्षी दुसऱ्यांदा बहर आला होता आणि तो गोड वास तळणाच्या वासात मिसळून घरभर फिरत होता. काकूंनी पातेल्यात चिंच कोळली होती. ताम्हन, पळी-पंचपात्री, समई, बाळकृष्ण, सगळं एकेक करून त्या पाण्यात बुडवत होत्या आणि अंगठ्यानं घासत होत्या. काळवंडलेलं ताम्हन त्यांच्या हाताखाली लख्ख होत होतं. मला बघायला आवडतं ते. माझी आईही दिवाळीच्या आधी असंच करायची.

अमृतानं ते नाणं देवांपुढे ठेवलं होतं, कागदाच्या घडीवर. आपल्याकडे जे मोलाचं ते देवापुढे, त्यात तिचं काय चुकलं? काकूंनी देव उचलता उचलता नाणं उचललं.

"हे बघ, तुमच्या जपानचं. लक्ष्मीपूजनात ठेवणार म्हणते अमृता. केवढं काळं पडलंय." मग माझ्याकडे वळल्या. "तू यातली जाणकार ना गं? टाकू का ह्यातच?"

मी केमिस्ट्रीची पदवीधर. चिंचेतलं आम्ल तांब्याच्या रंगाचं काय करतं, ते मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. शिवाय वडिलांची मुलगी. माझ्या हातात चकलीचा सोऱ्या होता. 'नको' एवढंच म्हणायचं होतं.

"टाका की काकू," मी म्हटलं.

नाणं पाण्यात गेलं. अर्ध्या मिनिटात निळा गेला, मग जांभळा. काकूंनी मग जरा रांगोळी लावून घासलं आणि नळाखाली धरलं. कोवळ्या गुलाबी रंगाचं, नागडं दिसत होतं ते. "बघ, कसं झालं!" काकू म्हणाल्या. मी म्हटलं, छान झालं. माझी चकली तुटली, परत सुरू केली.

मला वाटलं होतं आता बरं वाटेल. अमृता आली, तिनं नाणं पाहिलं आणि टाळ्याच वाजवल्या. "आई, कसलं चकाकतंय! नवीनच वाटतंय!" सासूच्या गळ्यात पडली. म्हणजे मी एवढं पाप केलं आणि ती आधीपेक्षा जास्त खूश. असं मन असतं तरी कसं एखाद्याचं? मला नाणं मोडायचं होतं आणि मोडलं होतं, पण तिच्याजवळचं जे मला खुपत होतं ते कशात बुडवून निघणार होतं?

लक्ष्मीपूजनाला आम्ही त्यांच्याकडेच होतो. चौरंगावर ते गुलाबी दहा येन होतं, आणि काकूंनी नाशिकहून बरोबर आणलेला एक राणीछाप रुपया. चांदीचा. त्यांच्या सासूच्या सासूपासून घरात पुजलेला. दर दिवाळीला घासून घासून राणीचं नाक गेलेलं, मुकुट गेलेला, सन गेलेला. संग्राहकानं हातात घेऊन खाली ठेवावा असा. अमृतानं त्याला हळद-कुंकू वाहताना विचारलं, "आई, हा आता माझ्याकडे येणार ना?"

"तुझाच आहे गं. मी जाईन तेव्हा घे," काकू हसत म्हणाल्या. अमृता लाजली. तो रुपया तिला किती हवा होता, ते माझ्यासारख्या बाईला लगेच कळतं.

नोव्हेंबरात नाणं मेळाव्यासाठी द्यायला आम्ही पुन्हा देवळात गेलो. मी टाळायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही. आजोबांनी नाणं हातात घेतलं, भिंग डोळ्यापर्यंत नेलं आणि न लावताच खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "धुतलंत होय. धुऊ नका म्हटलं होतं ना." आणि ते अमृतापुढे सरकवताना वाकून नमस्कार केला, कुणी वारल्यावर त्याच्या घरच्यांना करतात तसा.

मी तोंड उघडलं, पण अमृताला दुभाषी लागला नाही. मागच्यासारखं भराभरा नव्हे, या वेळी आजोबा सावकाश बोलले होते, आणि धुणे हा शब्द तिला येत होता. होशिनो-साननी तिला पहिला शिकवलेला शब्द तोच होता. बाटल्या धुवायच्या, खोके धुवायचे.

परतीच्या गाडीत ती दाराशी उभी राहिली. नाणं मुठीत होतं, आता कडेनं धरायचं काही कारण नव्हतं. पूल आला, खाली खाडीचं राखाडी पाणी दिसलं.

"मागच्या वेळी पण हेच म्हणाले होते ना?" तिनं विचारलं.

"असेल. माझ्या लक्षात नाही आलं."

"आई म्हणाल्या, तुला विचारून टाकलं होतं."

"मला वाटलं, एवढ्यानं काही होत नाही."

"तुला?" ती म्हणाली.

मग उतरताना ती म्हणाली, "आईंना यातलं काही कळायला नको, मेधाताई. त्यांना फार वाईट वाटेल." भांडली असती तर मी भांडले असते. माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती तशीच राहिली, तोंडात.

त्यानंतर ती चहाला आली नाही असं नाही. यायची, पण आधी फोन करून. अल्बम काढू का विचारलं तर म्हणायची, आज नको, घाई आहे.

मी मग काकूंच्या मागे लागले. अपराधी माणूस किती सेवाभावी होतो! त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेलं, गिंकोची पिवळी पानं बघायला बागेत नेलं, शंभर येनच्या दुकानात तासन् तास हिंडवलं, नातेवाइकांसाठी बत्तीस जपानी पंखे घेऊ दिले. त्या मला हात धरून रस्ता ओलांडायच्या. त्यांना वाटायचं, ही पोर किती प्रेमळ आहे. एकदा बाकावर बसून भाजलेलं रताळं खाताना म्हणाल्या, "माहेरची माणसंसुद्धा इतकं करत नाहीत गं." रताळ्याचं साल मी सोलतच राहिले. मी सांगून टाकणार होते. पण अमृतानं सांगितलं होतं ना, त्यांना कळायला नको. तिच्या चांगुलपणाआड मी लपून बसले.

डिसेंबरात त्या निघाल्या. विमानतळाची बस आमच्याकडच्या मोठ्या हॉटेलांपासून सुटायची. बॅगा दारात, अमृता एका हातानं दार धरून उभी. काकूंनी पदराच्या गाठीतून काहीतरी सोडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. मी न बघताच ओळखलं. वजनानं, गुळगुळीतपणानं.

"हा तू ठेव," काकू म्हणाल्या. "आमची अमृता गुणाची आहे पण धांदरट आहे, कुठे टाकेल कळायचं नाही. तुला नाण्यांची कदर आहे. तू जपशील."

मी अमृताकडे पाहिलं. तिचा दार धरलेला हात खाली आला होता. ती माझ्या मुठीकडे बघत होती. ओठ हसायला लागले होते आणि मधेच थांबले होते, आणि डोळ्यांत जे होतं ते मी सबंध शरदभर बेकरीच्या काचेत माझ्याच डोळ्यांत पाहिलं होतं. जे मला हवं होतं ते मिळालं होतं. तिच्या पोटात दुखत होतं, माझ्यामुळे, एका नाण्यावरून.

'काकू, हा अमृताचा आहे.' चार शब्द. सोपे होते, दुभाष्याचीही गरज नव्हती. मी वाकले, काकूंच्या पाया पडले आणि म्हणाले, "जपेन हो." मग सगळे थांब्यावर गेलो, बस आली. बॅगा चढवताना अमृतानं माझ्या हातातली बॅग घेतली, कारण माझी एक मूठ मिटलेली होती.

अमृता आणि तिचा नवरा तीन वर्षांनी पुण्याला परत गेले. काकूही आता नाहीत, मागच्याच्या मागच्या वर्षी वारल्या. तेव्हा मी अमृताला फोन केला, पण अर्ध्या वेळ आम्ही हवेबद्दल बोललो. तिच्या मुठीतल्या गुलाबी नाण्याचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. शोवा तेहेतीस मी नंतर विकत घेतलं. चांगलं आहे, मोरपिशी नाही, पण चांगलं आहे. खण भरला. आणखी काही झालं नाही.

रुपया मी अल्बममध्ये लावलेला नाही. तो कुठल्याच खणात बसत नाही. दिवाळीला काढते, पुजते, घासत मात्र नाही. तो काळा पडत चाललाय, आणि राणीच्या गळ्याखाली एक निळसर कड धरायला लागली आहे. इतक्या हातांनी झिजवलेल्या नाण्यालासुद्धा रंग चढतो, हे मला माहीत नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अमृताचा फोन येतो. दर वर्षी, न चुकता. मुलांची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, तिकडे थंडी पडली का. मग विचारते, "रुपया ठेवलास ना गं पूजेत?"

"ठेवलाय," मी म्हणते.

फोनवर तिच्या घराबाहेरच्या फटाक्यांचा आवाज येत असतो. ती मागेल असं मला वाटतं, मागितला की त्याच दिवशी पाठवायचा असं मी ठरवलेलं आहे, पाकीटसुद्धा आणून ठेवलं आहे. ती कधी मागत नाही. आणि तिनं मागितल्याशिवाय तो द्यायला माझा हात काही होत नाही.